एकदा, मग चारदा

फोन घरीच ठेवून या. आपण जिथे चाललोय तिथे त्याचा उपयोग नाही.

साल १९८८, ऑगस्ट महिना, गाव पेण. कुलाबा जिल्ह्याचा रायगड होऊन सात वर्षं झालीत, तरी एसटी स्टँडवरची जुनी माणसं अजून सवयीने कुलाबाच म्हणतात. पाऊस रात्रभर कोसळून आत्ता कुठे दम घेतोय. गणपतीच्या कारखान्यांची दारं उघडी आहेत, आतून ओल्या मातीचा आणि रंगाचा वास येतो, रस्त्यावरून पाण्याचा ओहोळ वाहतोय. तुम्ही एका प्रीमियर पद्मिनीत बसलेले आहात. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, चोकचा खटका पूर्ण ओढलेला. चावी फिरवा. सेल्फ घरघरतो, इंजिन पकडत नाही. पुन्हा फिरवा. आता पेट्रोलचा वास यायला लागला.

डॅशबोर्ड बघा. दोन लाल दिवे लागलेत, एक तेलाचा आणि एक चार्जिंगचा. इंजिन बंद असताना ते लागायलाच हवेत. याच्यापुढे गाडी तुम्हाला काहीही सांगणार नाही. काय बिघडलंय ते तिला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची सोयही तिच्यात नाही.

"थांबा शेट, बॅटरी उतरवाल," असं म्हणत मेस्त्री येतो. रामवाडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये हात बसलेला माणूस, खाकी हाफपँट, मागच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर. बॉनेट उघडून तो प्लगची एक वायर उपसतो, तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून दोन सूत लांब धरतो आणि तुम्हाला सेल्फ मारायला सांगतो. ठिणगी नाही. "करंट नाय." इथे त्याचं अर्धं काम झालं; पेट्रोलचा भाग त्याने डोक्यातून काढून टाकला. मग डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, कॅपच्या दोन क्लिपा टचकन उडवतो. कॅपच्या आत बारीक थेंब जमलेत. कोकणातल्या पावसात डेल्कोत ओल धरली की करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच कॅपवरून सटकतो. मेस्त्री फडक्याने कॅप कोरडी करतो, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवतो, कॅप बसवतो. सेल्फ मारा. लागली.

तो एवढ्यावर थांबत नाही. इंजिन गरम करून, बंद करून चारही प्लग काढतो आणि फडक्यावर ओळीने मांडतो. वाकून बघा. तीन प्लगांची टोकं विटकरी आहेत, एकावर काळी काजळी. विटकरी म्हणजे मिश्रण बरोबर, काळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी, पांढराफटक असता तर हवा जास्त. पुढच्या सगळ्या वर्षांत तुम्ही जे बघणार आहात त्याचा हा पहिला धडा: प्लग पुसायच्या आधी त्याचा रंग बघायचा. पोऱ्याने उत्साहाने ब्रश मारला तर मेस्त्री त्याच्या डोक्यात टपली मारतो, कारण पुसलेल्या प्लगवरून काही कळत नाही.

तुम्ही पेणमध्ये डेल्को पुसताय त्याच वर्षी कॅलिफोर्नियात नियम लागू झालेला आहे की नव्या गाडीने स्वतःच्या प्रदूषण-यंत्रणेवर स्वतःच नजर ठेवायची, आणि बिघडलं तर दिवा लावायचा. लॉस एंजेलिसचं धुरकट आकाश हे त्याचं कारण. जनरल मोटर्सने असा दिवा १९८१ पासूनच लावायला सुरुवात केली होती. म्हणजे गाडीला बोलतं करण्याची निकड ड्रायव्हरच्या सोयीसाठी कधीच नव्हती. धुरासाठी होती. आजही तो दिवा मुळात धुराचाच दिवा आहे, आपण उगाच त्याला इंजिनाचा समजतो.

आता चोक आत ढकला आणि वर्षं झरझर जाऊ द्या. एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाडीला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा होतो. त्याला शिसं चालत नाही, म्हणून शिसंविरहित पेट्रोल येतं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर तेवढंच मिळतं. २९ एप्रिल १९९९ ला सर्वोच्च न्यायालय दिल्ली परिसरासाठी युरो-१ आणि वर्षभराच्या आत युरो-२ असा हुकूम देतं, आणि गाड्यांच्या कंपन्यांची धावपळ उडते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, आणि कन्व्हर्टरला हे प्रमाण सतत काटेकोर लागतं. कार्बोरेटर ते नेम धरून करू शकत नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर हवा, पाण्याचं तापमान, हवेचा दाब, थ्रॉटल किती उघडलाय हे सांगणारे सेन्सर हवेत, आणि हे सगळं ऐकून इंजेक्टरला हुकूम देणारी पेटी हवी. ती पेटी म्हणजे ईसीएम. गावोगावचे मेस्त्री तिला एका शब्दात 'कम्प्युटर' म्हणतात आणि काही वर्षं तरी तिच्यापासून दोन हात लांब राहतात.

ऑगस्ट २००५. तुम्ही रोह्यात आहात. मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते ते हे गाव, ग्रामदैवत धावीर महाराजांचं, चिंतामणराव देशमुखांचं. कुंडलिका दुथडी भरून चाललीय. तिला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली तिच्यातच उतरतं. पण हे पाणी त्या हिशेबातलं नाही. २६ जुलैच्या पुराला पंधरवडाच झालाय. नागोठण्यात अंबा नदी बाजारपेठेत शिरली होती, महाड तालुक्यात डोंगर खाली आले, जिल्हा अजून चिखल उपसतोय.

तुमच्या हातात आता एस्टीम आहे, २००३ ची, एमएच-०६ नंबरची, एमपीएफआय इंजिनाची. ती पुरात बुडालेली नाही. पण तीन आठवडे उघड्यावर पावसात भिजलीय, आणि चार दिवसांपूर्वी तिच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तो लागलाच. सकाळी चार-पाच सेल्फ मारावे लागतात. एकदा गरम झाली की काही तक्रार नाही.

नाक्यावर गाडी उभी करा, सल्ले आपोआप येतील. "बॅटरीचा मायनस काढून ठेवा दहा मिनिटं, दिवा जातो." सल्ला खोटा नाही. दिवा खरंच जाईल. तुमचा हात बॉनेटच्या खटक्याकडे गेलाच आहे, तेवढ्यात टपरीवरून एक माणूस उठून येतो. "साहेब, मायनस काढू नका. दिवा मी पण घालवीन, फुकटात. परवा परत लागेल, मग माझ्याकडेच याल."

हा मोटार मेस्त्री नाही. धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात त्याची नोकरी. दिवसभर टाक्यांचं तापमान आणि पाइपांचा दाब सांगणारे सेन्सर तपासायचे, शिफ्ट सुटली की घराच्या पडवीत गाड्यांचं वायरिंग बघायचं. गॅरेजवाले ज्या गाडीला हात लावायला कचरतात ती याच्याकडे पाठवतात. त्याला कम्प्युटरची भीती नाही, कारण त्याच्या लेखी सेन्सर म्हणजे दोन वायरी आणि एक व्होल्टेज.

त्याच्या पडवीत गाडी घाला आणि जवळ उभे राहून नीट बघा, कारण ही गोष्ट काही वर्षांनी कुणाला खरी वाटणार नाही.

चावी 'ऑन' ला आहे, इंजिन बंद. तो बॉनेटखाली बॅटरीच्या बाजूला वायरींच्या जुडग्यात बोटं घालून एक छोटा प्लॅस्टिकचा कपलर शोधतो. त्यावर रबरी टोपण आहे. मॉडेल बदललं की या कपलरची जागा बदलते, कुणाचा डॅशबोर्डखाली असतो. टोपण काढल्यावर आत पिना दिसतात. एक निदानाची, एक अर्थिंगची. जाड पेपरक्लिप सरळ करून तिचा यू आकार केलेला आहे, मधल्या भागावर काळी टेप गुंडाळलेली. ती यू आकाराची तार तो त्या दोन पिनांत खुपसतो. चुकीच्या पिनेत गेली तर फ्यूज उडेल, प्रसंगी पेटीही, म्हणून आधी वहीतली आकृती बघतो. वही शाळकरी, दोनशे पानी. कुणाकडून तरी मिळालेल्या सर्व्हिस मॅन्युअलमधून त्याने हाताने उतरवून घेतलीय.

"आता आत बसा आणि दिवा मोजा."

बसा. दिवा आत्तापर्यंत सरळ जळत होता. आता तो विझतो. मग एकदा लुकलुकतो. सेकंदभर अंधार. मग पटापट चार वेळा. थोडा जास्त वेळ थांबतो, आणि तेच: एकदा, मग चारदा. तिसऱ्यांदा परत तेच.

"एक आणि चार," तुम्ही ओरडता.

"चौदा," तो बाहेरून म्हणतो, आणि सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर १४ लिहितो. शेजारी तारीख, किलोमीटरचा आकडा आणि 'सकाळी स्टार्ट नाही' एवढं. मग वहीचं पान उलटतो. १३ ऑक्सिजन सेन्सर. १४ आणि १५ पाण्याच्या तापमानाचा. २१, २२ थ्रॉटल. २४ वेगाचा. ३१, ३२ हवेच्या दाबाचा. बिघाड एकापेक्षा जास्त असते तर गाडीने ते लहान आकड्यापासून सुरू करून एकेक तीनदा सांगितले असते.

एव्हाना तुमच्या डोक्यात हिशेब सुरू झालेला असणार: पाण्याच्या तापमानाचा सेन्सर गेला, पनवेलला नवा मिळेल, बदलून टाकू. बहुतेक लोक हेच करतात. इथेच कोड वाचणारा आणि कोड समजणारा यांची फारकत होते. वहीत १४ च्या पुढे 'सेन्सर खराब' असं लिहिलेलं नाही. लिहिलंय: तापमान फार कमी दाखवतोय, सिग्नलचं व्होल्टेज जास्त. आणि १५ च्या पुढे याच्या बरोबर उलट. एकाच सेन्सरला दोन आकडे का, हा प्रश्न विचारलात की अर्धी विद्या आली.

तो समजावतो. पेटी या सेन्सरला पाच व्होल्ट पाठवते. आतला मणी थंड असताना करंटला खूप अडवतो, गरम झाला की कमी. वीस अंशाला सुमारे अडीच हजार ओहम, ऐंशीला तीनशेच्या आसपास. किती व्होल्ट उरले यावरून पेटी पाण्याचं तापमान ओळखते. आता वायर मध्येच तुटली, किंवा पिन नीट टेकली नाही, तर पेटीला पूर्ण पाच व्होल्ट दिसतात. म्हणजे तिच्या हिशेबाने इंजिन बर्फात आहे. ऑगस्टातल्या रोह्यात! पेटीला हे अशक्य वाटतं, ती कोड लिहून ठेवते, दिवा लावते आणि यापुढे त्या सेन्सरवर विश्वास न ठेवता एक ठरावीक गरम तापमान गृहीत धरून गाडी चालवते. म्हणून गरम झाल्यावर गाडी छान पळते, आणि सकाळी थंड इंजिनाला जे जादा पेट्रोल मिळायला हवं ते मिळत नाही. चार-पाच सेल्फ का मारावे लागतात त्याचं उत्तर हे.

"तर मग बघू, वायर, पिन की सेन्सर."

मल्टीमीटर निघतो. इंजिनच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या पाइपाजवळ सेन्सर आहे, त्याचं दोन पिनांचं कनेक्टर तो दाबून उपसतो. वायरीच्या बाजूला मीटर: पाच व्होल्टला जरा कमी. वायर आणि पेटी निर्दोष. सेन्सरच्या बाजूला मीटर, तोवर इंजिन निवलंय: दोन हजारांच्या आसपास ओहम, म्हणजे आजच्या हवेला शोभेल एवढं. सेन्सरही निर्दोष. आता राहिलं काय? तो कनेक्टर उजेडाकडे धरतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर आणतो. आतल्या एका पिनेवर हिरवा गंज चढलाय, आणि कनेक्टरच्या तोंडाशी जी रबरी रिंग असते ती नाहीच. कधीतरी कुणीतरी काढली, परत घालायला विसरलं. तिथून पावसाचं पाणी आत झिरपलं.

पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि ते तसंच हळू होतं. दाढीच्या ब्लेडचं टोक, पॉलिश पेपरची काडीएवढी पट्टी, पेट्रोलात बुडवलेला दाताचा ब्रश. पिन पितळी दिसेपर्यंत. समोरची मादी पिन सुईने जरा आवळायची, म्हणजे पकड घट्ट बसेल. त्याच्या डब्यात दुसऱ्या कुठल्या तरी कनेक्टरची रिंग सापडते, ती बसते. वर ग्रीसचं बोट. नवा भाग शून्य रुपयांचा.

आणि आता, फक्त आता, चावी बंद करून तो बॅटरीचा मायनस काढतो. मिनिटभर. त्या मिनिटात पेटीच्या स्मरणातून १४ निघून जातो. गाडीच्या टेपचं घड्याळही जातं, आणि इंजिनचं आयडलिंग कसं सांभाळायचं याचं पेटीने गेल्या दोन वर्षांत शिकून ठेवलेलंही जातं. ते ती परत शिकेल, पण त्यासाठी तिला चालवावी लागते. मायनस जोडून, तार परत खुपसून तो तुम्हाला बसवतो. एकदा, मग दोनदा. एकदा, मग दोनदा. बारा.

"बारा म्हणजे काय?"

"बारा म्हणजे काय नाय. आत्ता तरी तक्रार नाय. पण आत्ताच पुसलंय, तक्रार असणार कुठून? भिसे खिंडीतून नागोठण्यापर्यंत जाऊन या. रात्री उभी ठेवा. सकाळी थंड गाडीवर परत मोजा. तेव्हा बारा आलं तर खरं बारा."

तो तार तुमच्या हातात देतो. पैसे विचारा, सांगणार नाही. "द्या काय वाटेल ते" म्हणेल आणि दिलेले मोजणार नाही. भिसे खिंड चढा. काचेवर पाऊस, झाडांच्या फांद्या रस्त्यावर, वळणावर मातीचा लोंढा बाजूला ओढलेला. नागोठण्यात दुकानांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसते, कुठे कमरेला, कुठे डोक्याच्या वर. १९८९ चा पूर पाहिलेली माणसं तुम्हाला या रेघेची त्या वेळच्या रेघेशी तुलना करून सांगतील. गाडी सुरळीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका सेल्फमध्ये लागते, आणि तार खुपसल्यावर बाराच येतं.

इथून पुढे घाई करू. १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-१, आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ येतं. अमेरिकेत ते १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना होतंच. सोळा पिनांचा एकसारखा सॉकेट, स्टिअरिंगच्या आसपास डॅशबोर्डखाली. कुठलाही स्कॅनर लावा, कुठल्याही कंपनीची गाडी एकाच भाषेत बोलेल. दोन आकडी लुकलुक संपली, पी-अक्षराचे कोड आले. पेपरक्लिप इतिहासजमा.

जुलै २०१६, वडखळ. फोन आता घेऊ शकता. पळस्पे ते इंदापूर ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि तुम्ही त्याच्या मधोमध अडकलेले आहात. पुढे अलिबागचा फाटा, मागे ट्रकांची रांग नजर पोचेल तिथवर. तुम्ही भाच्याच्या २०१४ च्या गाडीत डावीकडे बसलाय. पाऊस आडवा येतोय. गाडी अचानक मिसिंग मारायला लागते, सगळं अंग थरथरतं, आणि इंजिनचा दिवा लुकलुकू लागतो. कुणीही तार खुपसलेली नाही.

ही लुकलुक वेगळी आहे हे भाच्याला माहीत नाही. चालत्या गाडीत दिवा सरळ लागला तर सवडीने दाखवा. लुकलुकायला लागला तर एखादा सिलिंडर पेटतच नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कन्व्हर्टरमध्ये जळतंय, आणि तो भाजून निकामी होऊ शकतो. कन्व्हर्टर हा गाडीतल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक. "बाजूला घे," म्हणा.

भाचा खिशातून आगपेटीएवढा ब्लूटूथचा डबा काढतो. एल्म-३२७ या कॅनेडियन चिपची कुठली तरी नक्कल, ऑनलाइन काही शेकड्यांत मिळणारी. सॉकेटमध्ये बसवतो, फोनवर उमटतं: पी०३०२. पहिले दोन आकडे कुठल्या गटातला बिघाड ते सांगतात. ०३ म्हणजे ठिणगी आणि मिसिंग. शेवटचा २ म्हणजे दुसरा सिलिंडर. त्याचं बोट लगेच 'क्लिअर' कडे जातं. "काका, क्लिअर मारून बघू, कधीकधी जातो."

हात धरा त्याचा. कोडच्या खाली आणखी एक ओळ आहे, फ्रीझ फ्रेम. बिघाड झाला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती, पाणी किती गरम, वेग किती, हे गाडीने तिथल्या तिथे टिपून ठेवलंय. क्लिअर दाबलं की ते गेलं. गॅरेजवाल्याला उद्या सांगायला तुमच्याकडे फक्त 'थरथरत होती' एवढंच उरेल. आधी स्क्रीनचा फोटो काढा.

मग एक युक्ती करा, जिच्यासाठी क्लिअरचं बटण खरोखर कामाचं आहे. या गाडीला डेल्को नाही, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसलेली आहे. छत्री धरा. दहा नंबरच्या पान्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचे बोल्ट काढा, कॉइलची अदलाबदल करा. दुसऱ्या प्लगच्या खोबणीत पाणी दिसतंय का बघा, असेल तर फडक्याने टिपून घ्या. आता क्लिअर मारा, गाडी चालू करा. थरथर चालूच, आणि पाच मिनिटांत कोड: पी०३०३. बिघाड कॉइलबरोबर तिसऱ्या सिलिंडरकडे गेला. म्हणजे प्लग, इंजेक्टर, वायर सगळं ठीक, कॉइल खराब. पेणला हळू जा, एक कॉइल घ्या. चार नव्हेत, एकच. १९८८ चा मेस्त्री असता तर त्याने प्लगची वायर उपसून हेच शोधलं असतं, पण ओल्या कॉइलला हात लावून त्याला झटका बसला असता.

शेवटचा मुक्काम. २०२३, पेण. रायगडचा एमएच-०६ नंबर इथल्या आरटीओचा. पनवेल वेगळं होऊन एमएच-४६ झालं. तुमची २००३ ची एस्टीम वीस वर्षांची झालीय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी तपासणीनंतर वाढवून घ्यावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झालीय. आवारात अशाच म्हाताऱ्या गाड्यांची रांग आहे. इन्स्पेक्टर चासी नंबर बघतो, लाइट, हॉर्न, ब्रेक. त्याआधी तुम्ही पीयूसी केलीय: त्या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड अर्धा टक्का आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत. नळी सायलेन्सरला लागते. डॅशबोर्डवर दिवा लागलाय की नाही हे नळीला कळत नाही.

रांगेतला एक पोरगा ब्लूटूथचा डबा घेऊन तुमच्या एस्टीमजवळ येतो, उत्साहाने सॉकेट शोधतो, लावतो, आणि फोनवर लाल अक्षरं येतात: जोडणी होत नाही. दुसरं अॅप, तेच. ही गाडी २०१३ च्या आधीची, हिची भाषा कंपनीची स्वतःची, सगळ्यांना समजणारी नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यातून यू आकाराची तार काढून त्याला दाखवा. तो मोजेल, हसेल, आणि व्हिडिओ करेल.

त्याच आवारात थोड्या अंतरावर एक गिऱ्हाईक दुसरी जुनी गाडी बघतंय. एजंट सांगतो, "एकदम क्लीन, डॅशबोर्डवर एक पण दिवा नाय." गिऱ्हाईक आत वाकून बघतं, खरंच एकही नाही. ते खूश होतं. तुम्ही मात्र जवळ जा आणि चावी 'ऑन' करायला सांगा, इंजिन सुरू न करता. तेलाचा दिवा लागतो, चार्जिंगचा लागतो. इंजिनचा लागत नाही. चांगल्या गाडीत तो या वेळी लागायलाच हवा, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. लागतच नाही म्हणजे बल्ब काढलाय किंवा वर काळी टेप मारलीय. याच आवारात हे चालतं असं नाही. जुन्या गाड्या विकल्या जातात तिथे सगळीकडे चालतं.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा टायर, पत्रा, रंग नंतर बघा. आधी चावी 'ऑन' करा आणि तो दिवा लागतो का बघा. लागला नाही तर भावाची बोलणी तिथेच थांबवा. लागून विझला तर स्कॅनर लावून विचारा की कोड शेवटचे कधी पुसले. ओबीडी-२ गाडीत स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात की नाही याची यादी असते, आणि सगळ्याच अपूर्ण दिसल्या तर समजा की तुम्ही यायच्या आधी कुणीतरी क्लिअर मारलेला आहे. त्या चाचण्या पुऱ्या व्हाव्यात म्हणून मालकाला सांगून गाडी पेणहून वाकणपर्यंत नेऊन आणा. नेऊ देत नसेल तर घेऊ नका.